आधी सूत्रधार, मग भाऊ : ‘ट्वेंटी-फोर’मधील बाउर बंधूंचे प्रकरण

‘ट्वेंटी-फोर’ या अमेरिकी मालिकेच्या पाचव्या पर्वाच्या उत्तरार्धात, २००६ साली, एक टक्कल पडलेला माणूस पडद्यावर येतो. त्याच्या कानाला फोनचे बिनतारी यंत्र आहे, भोवती अंधारी खोली आहे, आणि पलीकडून बोलणारी व्यक्ती अमेरिकेची राष्ट्राध्यक्ष आहे. हा माणूस राष्ट्राध्यक्षाला विनंती करत नाही, सल्लाही देत नाही. तो त्याला कामे सांगतो. देशाचा सर्वोच्च पदाधिकारी कुणाच्या तरी हातचे बाहुले आहे, हे प्रेक्षकाला त्या आवाजातील निवांतपणावरून कळते. पर्व संपते, राष्ट्राध्यक्ष पकडला जातो, पण हा माणूस कुणाच्याही हाती लागत नाही. पुढे जानेवारी २००७ मध्ये सहावे पर्व सुरू होते आणि त्याच्या पाचव्या भागात कळते, की हा माणूस म्हणजे नायक जॅक बाउर याचा सख्खा भाऊ ग्रेम.

कटकारस्थानाच्या कथेत भावाला भावासमोर उभे करण्याचे आकर्षण लेखकांना फार असते, आणि ते रास्तही आहे. ते करताना काय साधते आणि काय हातचे जाते, हे पाहायला बाउर बंधूंइतके बोलके प्रकरण मला दुसरे दिसत नाही, कारण इथे नाते कथेसोबत वाढलेले नाही. ते एका तयार पात्राला मागाहून जोडलेले आहे. माझे मत आधीच नोंदवतो: ही जोडणी मुळात वाईट नव्हती. तिच्या पोटातून एक अस्सल नाट्यमय परिस्थिती निर्माण झाली होती. लेखकांनी ती तीन भागांत संपवली, आणि तिच्यातील सर्वांत मोलाची गोष्ट भावाकडून काढून वडिलांच्या हवाली केली.

पार्श्वभूमी

जोएल सर्नो आणि रॉबर्ट कॉक्रन यांनी निर्माण केलेली ही मालिका फॉक्स वाहिनीवर ६ नोव्हेंबर २००१ रोजी सुरू झाली. एका पर्वात चोवीस भाग, प्रत्येक भाग म्हणजे त्याच एका दिवसातील एक तास, आणि पडद्यावर टिकटिकणारे घड्याळ, ही तिची चौकट होती. जॅक बाउर (किफर सदरलँड) हा लॉस एंजेलिसमधील दहशतवादविरोधी पथकाचा अधिकारी. शत्रू बाहेरचा असला तरी त्याला वाट करून देणारा कुणीतरी आत बसलेला असतो, हे या मालिकेचे सूत्र पहिल्याच पर्वात ठरून गेले. जॅकची सहकारी निना मायर्स हीच फितूर निघते आणि पर्वाच्या शेवटी जॅकची पत्नी टेरी हिचा जीव घेते.

तेव्हापासून कार्यालयातील प्रत्येकावर संशय घेण्याची सवय प्रेक्षकाला लागली, पण घर मात्र त्या संशयाच्या बाहेर राहिले. पत्नी आणि मुलगी किम यांचे कथेतील काम संकटात सापडणे हे होते. त्यांच्यापैकी कुणी कटात असेल असे मनात आणायला मालिकेने जागा ठेवली नव्हती. जॅकला वडील असतील, भाऊ असेल, घराण्याची कंपनी असेल, असा प्रश्नही पाच पर्वांत प्रेक्षकाला पडला नव्हता. याचा अर्थ, २००७ मध्ये लेखकांच्या हाती एक कोरी, न वापरलेली गोष्ट होती: नायकाचे घर. ते उघडायचे तर आत शत्रू सापडला पाहिजे, हा विचार या मालिकेच्या स्वभावाला धरूनच होता.

पाचव्या पर्वाचा कट थोडक्यात समजून घ्यावा लागेल. सेंटॉक्स नावाचा विषारी वायू परकीय अतिरेक्यांच्या हाती जाऊ द्यायचा, त्याचे निमित्त करून मध्य आशियात अमेरिकी लष्कराला पाय रोवू द्यायचे आणि तेथील तेलावरचे हितसंबंध सुरक्षित करायचे, असा हा डाव आहे. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स लोगन (ग्रेगरी इट्झिन) त्यात सामील आहे आणि त्याच्या मागे धनाढ्य मंडळींचे एक कोंडाळे आहे. या डावाच्या आड येणाऱ्या माजी राष्ट्राध्यक्ष डेव्हिड पामरचा खून पर्वाच्या पहिल्याच भागात होतो. पाठोपाठ जॅकची जुनी सहकारी मिशेल डेसलर मोटारीतील स्फोटात मरते आणि तिचा पती टोनी अल्मेडा जबर जखमी होतो. या तिघांमध्ये आणि जॅकची सहकारी क्लोई ओब्रायन, जिच्यावरचा हल्ला फसतो, तिच्यामध्ये एक समान धागा आहे. दीड वर्षापूर्वी जॅकने आपल्या मृत्यूचा बनाव केला होता, आणि तो जिवंत असल्याचे या चौघांनाच ठाऊक होते. खुनाचा आळ जॅकवर येईल अशी व्यवस्थाही कटवाल्यांनी केलेली असते.

हे पर्व मालिकेचे सर्वांत यशस्वी पर्व ठरले. अमेरिकी दूरचित्रवाणीसाठीच्या २००६ च्या एमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका, सदरलँड यांना सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि जॉन कॅसर यांना दिग्दर्शनाचा, असे मानाचे पुरस्कार त्याला मिळाले. त्यामुळे पुढच्या पर्वावर अपेक्षांचे ओझे होते, आणि मागच्या पर्वातील एक मोकळा राहिलेला सूत्रधार लेखकांच्या हाताशी होता. अभिनेते पॉल मॅक्रेन यांनी त्या छोट्या भूमिकेत जी थंड धार आणली होती, ती पाहता त्यांना पुन्हा बोलावण्याचा मोह समजण्यासारखा आहे.

जोडणी कशी झाली

सहाव्या पर्वाच्या आरंभी जॅक वीस महिन्यांच्या चिनी कैदेतून परत आलेला असतो. अबू फायेद नावाच्या अतिरेक्याच्या हवाली करण्यासाठीच सरकारने त्याला सोडवून आणलेले असते. चौथ्या भागाच्या शेवटाकडे दोन गोष्टी लागोपाठ घडतात. कर्टिस मॅनिंग या जवळच्या सहकाऱ्यावर जॅकला स्वतः गोळी झाडावी लागते, आणि हे काम आपल्याच्याने आता होणार नाही असे म्हणून तो कोलमडलेला असतानाच व्हॅलेन्सिया येथे अणुस्फोट होतो. फायेदकडचे आणखी चार बॉम्ब शिल्लक आहेत. त्यांचा माग काढताना जॅकचे वडील फिलिप बाउर (जेम्स क्रॉमवेल) यांचे नाव पुढे येते, आणि वडिलांचा ठावठिकाणा विचारण्यासाठी जॅक भावाशी संपर्क साधतो. पडद्यावर तोच टक्कल पडलेला माणूस दिसतो.

या क्षणी जी परिस्थिती तयार होते ती मला फार महत्त्वाची वाटते. प्रेक्षकाला सूत्रधार माहीत आहे, पण तो भाऊ आहे हे माहीत नव्हते. जॅकला भाऊ माहीत आहे, पण तो सूत्रधार आहे हे माहीत नाही. एकाच माणसाचे अर्धे-अर्धे ज्ञान दोघांकडे वाटले गेले आहे, आणि कथेतील पुढचे काम ही दोन अर्धुके एकमेकांना भिडवण्याचे आहे. कटकारस्थानाच्या कथांत सहसा प्रेक्षक नायकाइतकेच किंवा नायकापेक्षा कमी जाणतो. इथे तो नायकाच्या पुढे आहे, आणि तरीही दचकलेला आहे. जॅक भावाच्या दारात उभा असताना ग्रेमच्या प्रत्येक साध्या वाक्याला, वडिलांच्या चौकशीला, जुन्या दुराव्याच्या उल्लेखाला, प्रेक्षकाच्या मनात दुसरा अर्थ येत राहतो. लेखकांनी हे ठरवून केले असो वा अडचणीतून सुचलेले असो, हाताला लागलेली वस्तू अस्सल होती.

शिवाय या एका नात्यामुळे मागच्या संपूर्ण पर्वाचा अर्थ बदलतो. जॅक जिवंत असल्याचे जाणणाऱ्यांना टिपून मारायचे आणि खुनाचा आळ त्याच्यावर ढकलायचा, हा बेत आता परक्या धनाढ्यांचा राहत नाही. मेला म्हणून मानलेला भाऊ जिवंत आहे हे ग्रेमला कळले होते, आणि ती बातमी त्याने त्याच भावाच्या विरोधात हत्यारासारखी वापरली. एका घराच्या दृष्टीने पाहिले तर यापेक्षा क्रूर काही असू शकत नाही. मालिकेने मात्र या अर्थाला शब्दांत जवळजवळ हातच घातला नाही. पाचव्या पर्वात जॅकचा विषय निघतो तेव्हा ग्रेमच्या आवाजात नात्याचा मागमूसही नाही. सहाव्या पर्वात त्या कोरडेपणाचे काहीतरी स्पष्टीकरण यायला हवे होते. भावाला मारायचा हुकूम देताना ज्याचा आवाज हलला नाही तो माणूस आतून कसा असेल, हा प्रश्न कथेच्या मध्यावर ठेवता आला असता.

खुर्ची, सुई आणि दाराआडचे वडील

ग्रेमच्या घरात जॅक फार वेळ बोलत बसत नाही. भाऊ खोटे बोलत आहे अशी शंका येताच तो त्याला खुर्चीला बांधतो आणि त्याच्या डोक्यावरून प्लास्टिकची पिशवी ओढतो. बराच काळ न भेटलेल्या दोन भावांची पुनर्भेट काही मिनिटांत इथपर्यंत येते. पुढच्या भागात ग्रेमची माणसे जॅकला आणि फिलिपना मारण्यासाठी घेऊन जातात, दोघे त्यातून सुटतात आणि पुन्हा त्याच घरी येतात. मग सातव्या भागात ग्रेमची रीतसर चौकशी सुरू होते. पथकाचा अधिकारी रिक बर्क याने सुईतून दिलेले हायोसीन-पेंटोथाल हे औषध शरीरात चढते तशा ग्रेमला असह्य वेदना होतात, आणि जॅक मात्रा वाढवायला सांगत राहतो.

बॉम्बविषयी विचारायला बसलेल्या जॅकला उत्तर मिळते ते पामरविषयी. डेव्हिड पामरचा खून आपण घडवून आणला, मिशेल आणि टोनीवरचा हल्लाही आपलाच, हे ग्रेम कबूल करतो, आणि आपण जे केले ते देशासाठी केले असा त्याचा दावा असतो. जॅकनेही देशाच्या नावावर माणसे मारलेली आहेत; अगदी त्याच सकाळी त्याने मित्रावर गोळी झाडली आहे. म्हणूनच हा दावा त्याला सहन होत नाही. आपल्यात आणि भावात काही साम्य असू शकते ही कल्पनाच तो झिडकारतो आणि औषधाची मात्रा आणखी वाढवायला लावतो. सदरलँड यांचा चेहरा या प्रसंगात संतापाने जितका तापलेला आहे तितकाच घाबरलेलाही आहे. मला हा या पर्वातील सर्वोत्तम अभिनय वाटतो, कारण समोरच्या माणसाचे म्हणणे खरे ठरू नये म्हणून केलेली धडपड त्यात स्पष्ट दिसते.

नीट पाहिले तर या प्रसंगातील दुःख भावाच्या विश्वासघाताचे नाही. जॅकचा ग्रेमवर विश्वास नव्हताच; असता तर त्याने पहिल्या भेटीतच पिशवी उचलली नसती. जॅक फुटतो तो पामर आणि मिशेल यांच्या नावांवर. पाच पर्वे प्रेक्षकाने ज्या नात्यांत जॅकला विसावलेला पाहिले ती मानलेली नाती होती, आणि त्यांचा घात सख्ख्या नात्याने केला. म्हणजे भावंडांचा संघर्ष म्हणून मांडलेला हा प्रसंग प्रत्यक्षात मानलेल्या भावासाठी सख्ख्या भावाला जाब विचारण्याचा आहे. लेखकांना हे उमगले होते असे प्रसंगाच्या बांधणीवरून वाटते, पण उमगल्यानंतर त्यांनी पुढचे पाऊल उचलले नाही.

कबुलीजबाब झाल्यावर फिलिप मुलापाशी दोन क्षण एकटे बसू देण्याची विनंती करतात. जॅक बाहेर जातो. आत बाप-लेकाच्या बोलण्यातून उघड होते, की सगळ्याच्या मागे वडील आहेत आणि इतक्या वेदना सोसूनही ग्रेमने त्यांचे नाव घेतलेले नाही. त्याच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा आहे. फिलिप त्याचे तोंड दाबून धरतात, औषधाची मात्रा वाढवतात, आणि ग्रेम मरतो. तो चौकशीत मेला असे जॅक समजतो. भावाचा जीव आपल्या हातून गेला हे ओझे घेऊन तो ग्रेमच्या पत्नीसमोर, मॅरिलिनसमोर, उभा राहतो.

या काही मिनिटांत मालिकेने अनवधानाने म्हणा वा जाणीवपूर्वक, स्वतःच्याच एका गृहीताला छेद दिला आहे. औषध आणि वेदना यांनी सत्य बाहेर येते, हे गृहीत धरून ही मालिका वर्षानुवर्षे चालली होती. इथे गुन्ह्यांचे सत्य बाहेर आले, पण नात्याचे सत्य आतच राहिले. खून कबूल करणारा माणूस वडिलांचे नाव कबूल करत नाही. ज्याला जॅक थंड डोक्याचा सूत्रधार समजत होता तो वडिलांच्या पसंतीसाठी तडफडणारा मुलगा निघतो, आणि हे पाहायला जॅक खोलीत नसतो. नोव्हेंबर २००६ मध्ये वेस्ट पॉइंट येथील अमेरिकी लष्करी अकादमीचे अधिष्ठाता ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन काही अनुभवी चौकशी अधिकाऱ्यांना सोबत घेऊन या मालिकेच्या निर्मात्यांना भेटले होते. छळ नेहमी यशस्वी होताना दाखवल्यामुळे तरुण छात्रांच्या मनावर चुकीचा परिणाम होतो, अशी त्यांची तक्रार होती. छळाने सत्य मिळत नाही, किंवा अर्धेच मिळते, याचे उदाहरण याच मालिकेत, त्याच पर्वात, ग्रेमच्या खुर्चीभोवती तयार झालेले होते. त्या अर्ध्या सत्याचा परिणाम कथेने पुढे मनापासून भोगला असता, तर या चर्चेला मालिकेकडूनच एक गंभीर उत्तर मिळाले असते.

घड्याळाची अडचण

भावांचे वैर परिणामकारक व्हायचे तर वैराआधीचे काहीतरी दिसावे लागते. एकत्र वाढणे, एकाने घर सोडणे, दुसऱ्याने वडिलांची मर्जी राखणे, यांतील एखादा तरी क्षण प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर घडावा लागतो. ‘ट्वेंटी-फोर’च्या चौकटीत हे जवळजवळ अशक्य होते. घड्याळ पुढेच जाते. पूर्वदृश्यांना तिथे जागा नाही. त्यामुळे बाउर घराण्याचा सगळा इतिहास संवादांतून सांगावा लागला, तोही शहरावर अणुबॉम्बचे संकट असताना, मोटारीत बसताना किंवा दार उघडताना. जॅकने कंपनीचा वारसा नाकारला, तो ग्रेमकडे गेला, वडिलांच्या मनातून मात्र जॅक उतरला नाही, आणि मॅरिलिनची जॅकशी पूर्वी जवळीक होती, एवढे आपल्याला कळते. ही सगळी माहिती आहे, अनुभव नाही. भाऊबंदकीची कथा एका ओळीत सांगता येते, पण ती अंगावर यायला जेवणाच्या टेबलावरचा एक अबोला तरी पाहिलेला असावा लागतो.

चौकटीला दोष देऊन लेखकांची सुटका होत नाही, हे त्याच मालिकेने पुढे तीन वर्षांनी सिद्ध केले. जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या आठव्या पर्वात अनिल कपूर यांनी साकारलेला ओमर हसन हा कामिस्तान या काल्पनिक देशाचा राष्ट्राध्यक्ष शांतता करारासाठी न्यूयॉर्कला आलेला आहे, आणि त्याचा भाऊ फरहाद हा शिष्टमंडळात त्याच्या शेजारीच वावरतो. घड्याळ तेच, पूर्वदृश्ये इथेही नाहीत. तरीही फरहादचा घात लागतो, कारण पहिल्या भागापासून आपण ओमरला त्याच्यावर विसंबताना पाहतो. हत्येच्या कटाचा संशय एका पत्रकार स्त्रीवर वळवला जातो आणि ओमर नको तिथे शत्रू शोधत राहतो, तेव्हा भाऊ खोलीतच असतो. फरहादचा विरोधही पैशाचा वा गादीचा नाही. अण्वस्त्रे सोडून देणारा करार म्हणजे देशाचा अपमान, असे त्याला मनापासून वाटते. पुढे त्याच्याच साथीदारांना न्यूयॉर्कमध्ये किरणोत्सारी बॉम्ब फोडायचा आहे असे कळल्यावर तो मागे सरतो, पळतो आणि त्यांच्याच गोळीने मरतो. विश्वास, मतभेद, घात आणि उशिरा आलेली उपरती, हे सगळे वर्तमानकाळात, डोळ्यांसमोर घडते. बाउर बंधूंना लेखकांनी असा शेजार दिलाच नाही. ते एकमेकांना भेटतात तेव्हा एक जण बांधलेला असतो.

त्याच पर्वातील इतर भाऊ

सहाव्या पर्वाकडे पुन्हा पाहताना एक गोष्ट वारंवार खटकते. या पर्वात भावांच्या जोड्या एकापेक्षा अधिक आहेत. फायेदला जॅक हवा आहे तो आपल्या भावाच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी. अख्ख्या पर्वाची सुरुवातच एका भावाच्या सुडाने होते. दुसरीकडे राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत डेव्हिड पामरचा भाऊ वेन बसलेला आहे. तिसऱ्या पर्वात तो भावाचा मुख्य सहायक होता, पाचव्या पर्वात भावाच्या खुनाचा माग काढताना जॅकसोबत जीव धोक्यात घालत होता, आणि आता त्याच भावाच्या नावाचा वारसा घेऊन देश चालवतो आहे. आणि डेव्हिड पामरचा खून घडवून आणणारा माणूस जॅकचा भाऊ निघतो.

म्हणजे एका भावाच्या खुनाचा जाब मागण्याचा अधिकार असलेला राष्ट्राध्यक्ष आणि त्या खुनाची कबुली देणारा माणूस, दोघेही त्याच दिवशी, त्याच कथेत जिवंत आहेत, आणि त्यांच्या मधोमध दोघांचाही विश्वासाचा दुवा असलेला जॅक उभा आहे. लेखकांनी वेन आणि ग्रेम यांना समोरासमोर आणलेच नाही. सातव्या भागात ग्रेम मरतो आणि ही शक्यता त्याच्याबरोबर जाते. ज्या प्रसंगासाठी मालिकेने नकळत तीन पर्वे तयारी केली होती, तो लिहिलाच गेला नाही, याची मला अजूनही खंत वाटते. भावाच्या मारेकऱ्याला वाचवले तर बॉम्ब सापडतील, अशी पेचाची गाठ वेनपुढे टाकली असती, तर फायेद, पामर आणि बाउर ही तिन्ही घरे एका ठिकाणी आली असती.

वारसा वडिलांकडे

ग्रेमनंतर वैराची सूत्रे फिलिपकडे येतात. ते नातवाला, जॉशला, पुढे करून मॅरिलिनला धमकावतात, तिच्याकडून जॅकला स्फोटके पेरलेल्या घरात पाठवतात, आणि मग एक फोन मागे ठेवून निघून जातात. त्या फोनवर पलीकडून लोगनचा आवाज येतो. क्रॉमवेल यांच्यासारखा नट असल्यामुळे हे भाग पाहवतात, पण घराण्याची गोष्ट इथून पातळ होत जाते. फिलिप मधले बरेच भाग गायब राहतात आणि शेवटाकडे चिनी हस्तकांच्या साथीने, जॉशला ताब्यात घेण्यासाठी परततात. समुद्रातील तेलफलाटावर जॅक जखमी वडिलांना तिथेच सोडतो आणि लढाऊ विमाने तो फलाट उद्ध्वस्त करतात. एका दिवसात जॅकचा भाऊ आणि वडील दोघेही जातात. तरीही पर्वाचा अखेरचा प्रसंग त्यांच्याविषयी नाही, तो जॅकची प्रेयसी ऑड्री रेन्स हिच्याविषयी आहे, आणि ते योग्यच वाटते, कारण ऑड्रीला प्रेक्षक ओळखत होता. एमी पुरस्कारांत या पर्वाला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचे नामांकनही मिळाले नाही.

वडिलांना सूत्रधार करण्याने दुहेरी नुकसान झाले असे माझे निदान आहे. पहिले, ग्रेमने स्वतःच्या बुद्धीने निवडलेली बाजू वडिलांच्या सांगण्याइतकी लहान झाली. दोन भाऊ एकाच घरातून निघून देशप्रेमाचे दोन उलटे अर्थ लावतात, ही कल्पना मोठी होती. थोरामोठ्यांच्या दबावाखाली वाकडी वाट धरलेला मुलगा ही नेहमीची आहे. दुसरे, भावाच्या मृत्यूची जबाबदारी जॅकवरून उतरली. आपल्या आग्रहाने भाऊ मेला, हे जॅकला वाटत असले तरी खुनी कोण हे प्रेक्षकाला माहीत असते, त्यामुळे जॅकच्या अपराधी भावनेत तो सहभागी होऊ शकत नाही. फिलिप त्या खोलीत शिरले नसते आणि ग्रेम खरोखरच वाढवलेल्या मात्रेने गेला असता, किंवा वाचून कोठडीत राहिला असता आणि जॅकला दर दोन तासांनी त्याच्याकडे परत यावे लागले असते, तरी दोन्ही मार्ग घड्याळाच्या चौकटीत बसणारे होते. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे. बॉम्बचा माग ज्याच्याकडे आहे त्या भावाशी प्रत्येक वेळी नव्या रीतीने बोलावे लागणे, कधी धमकावून, कधी लहानपणाची आठवण काढून, कधी त्याच्या मुलाच्या नावाने, यातून पूर्वदृश्याशिवाय दोघांचे सगळे आयुष्य उलगडता आले असते.

ग्रेमच्या बाबतीतील शेवटचा फेरफार सातव्या पर्वात झाला, जे २००९ मध्ये प्रसारित झाले. मेला असे मानलेला टोनी अल्मेडा परत येतो आणि मिशेलच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी ज्या माणसापर्यंत पोहोचायला त्याने सगळा दिवस रक्तरंजित केला, तो ॲलन विल्सन नावाचा आणखी वरचा सूत्रधार असतो. आधी लोगनच्या वर ग्रेम, मग ग्रेमच्या वर फिलिप, आणि आता त्या सर्वांच्या वर विल्सन. जॅकच्या भावाने वेदनेने पिळवटून ज्या गुन्ह्याची कबुली दिली होती, आणि ज्या कबुलीपायी त्याचा जीव गेला, तो गुन्हाही अशा रीतीने दुसऱ्याच्या खात्यावर मांडला गेला.